कूलर आणि खर्ज

मे महिन्यात नागपुरात घरी मैफल ठेवली की कूलर लावावाच लागतो, आणि रेकॉर्डिंगची माती होते ती बहुतेक वेळा तिथेच.

गायकाचा सा काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल, तर तो साधारण १३८.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. तानपुऱ्यातली खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सा ची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३. आता खिडकीतल्या कूलरचा पंखा तीन पात्यांचा आणि मिनिटाला १४०० फेऱ्यांचा धरा. पाती सेकंदाला ७० वेळा हवा कापतात. म्हणजे कूलर थेट खर्जाला खेटून घुमतो. दोन्ही आवाज मिसळून दर दीडेक सेकंदाला फुगतात, ओसरतात, आणि नंतर ऐकणारा म्हणतो, तानपुरा नीट लागलेला नव्हता!

समोर बसलेल्यांना हे फारसं जाणवत नाही. दोन कानांमुळे गाणं कुठून येतंय आणि घरघर कुठून, हे मेंदू वेगळं करतो. एकट्या माइकमध्ये ही दिशाच उरत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये काही कमी पडलं, तर कान ते बऱ्यापैकी भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपत नाही, तरी खर्ज ऐकू येतो. जवारी (घोडीवर तार घासून येणारा झणत्कार) चांगली असली की त्या तारेतून २०८, २७७, ३४६, ४१६ हर्ट्झ असे वरचे स्वरांश भरपूर निघतात. त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू पायाचा स्वर स्वतःच बसवतो. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांतली गाणी आजही रंगतात, त्यात कानाच्या या गुणाचा मोठा वाटा आहे.

जे नको ते आत शिरलं, की मात्र काढणं कठीण. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर सलग चालणारा आवाज शोधून वजा करतं. पण तानपुराही सलगच वाजतो! घरघरीबरोबर जवारीही खरवडली जाते आणि तानपुरा पाण्याखाली वाजल्यासारखा लागतो.

म्हणून खोली आधी तासभर गार करून घ्यावी आणि आलाप सुरू होताना कूलर बंद करावा. ते जमत नसेल तर माइक जवळ न्यावा. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की गायकाचा थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो, कूलर मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा माइक असेल तर त्याची पाठ कूलरकडे ठेवावी. खाली सतरंजी, मागच्या भिंतीला जाड पडदा.

रेकॉर्डिंगची पातळी ठरवताना गायकाला तार सप्तकातली एक जोरकस तान घ्यायला सांगावी, तबल्यावर खणखणीत सम वाजवून घ्यावी, आणि पातळी दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा सोडून काहीच गमवावं लागत नाही. काटा शून्याला धडकला, तर लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि मुळात नसलेले कर्कश स्वर तयार होतात. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर ऑटो गेन, म्हणजे पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, आधी बंद करा. ती चालू राहिली, तर गायक श्वास घ्यायला थांबला रे थांबला की कूलर उसळून वर येतो.