हॅमस्टरचं बीजांड आणि माणसाचा शुक्राणू

हवाई विद्यापीठातले संशोधक र्‍युझो यानागिमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक विचित्र वाटणारा प्रयोग केला. हॅमस्टरच्या बीजांडाभोवतीचं जाड आवरण त्यांनी काढून टाकलं आणि अशा उघड्या बीजांडांजवळ माणसाचे शुक्राणू सोडले. ते चक्क आत शिरले! त्यातून जीव वाढण्याचा प्रश्नच नव्हता. पण पुढे बरीच वर्षं, पुरुषाचे शुक्राणू बीजांडात शिरण्याइतके सक्षम आहेत का, हे तपासायला वंध्यत्वाच्या दवाखान्यांत हीच चाचणी वापरली गेली. आवरण जागेवर असेल तर मात्र माणसाच्या शुक्राणूला तिथे प्रवेश नाही.

म्हणजे शुक्राणूची पारख दोन ठिकाणी होते. आधी आवरणावर, मग त्याखालच्या बीजांडाच्या पटलावर, म्हणजे पेशीच्या पातळ त्वचेवर. शाळेत कुलूप-किल्लीचं उदाहरण ऐकलेलं असतं, पण इथे कुलपं दोन आहेत आणि दोन्ही सारखी कडक नाहीत.

पहिल्या आवरणाचं नाव झोना पेल्युसिडा. ते साखरेचे रेणू जोडलेल्या प्रथिनांच्या तंतूंचं असतं. झेडपी-१, झेडपी-२ अशी ही प्रथिनं माणसात चार, तर उंदरात तीन. शुक्राणू यातल्या नेमक्या कशाला चिकटतो? १९८० साली ब्लाइल आणि वासरमन यांनी उंदरातल्या झेडपी-३कडे बोट दाखवलं. त्यावरच्या विशिष्ट साखरा शुक्राणू ओळखतो, हे उत्तर पुढे पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. मात्र त्या साखरा जिथे जोडल्या जातात अशी मानलेली जागाच जनुकात फेरफार करून बदलली, तरी माद्यांना पिल्लं झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत युरियन डीन यांच्या गटाने मग झेडपी-२वर लक्ष केंद्रित केलं.

त्यांचा २०१२चा प्रयोग मला या सगळ्या कहाणीत सर्वांत बोलका वाटतो. उंदराच्या माद्यांमध्ये त्यांनी माणसाच्या झेडपी-२चं जनुक घातलं. एरवी उंदराच्या आवरणाकडे ढुंकूनही न पाहणारे माणसाचे शुक्राणू या आवरणाला चिकटले, ते भेदून आतही गेले आणि तिथेच अडकले. आवरण आणि पटल यांच्या मधल्या फटीत ते साचून राहिले, कारण पटल उंदराचंच होतं.

या दुसऱ्या नाक्यावर कोण असतं, याचं अर्धं उत्तर २००५ साली ओसाका विद्यापीठातून आलं. मासारू ओकाबे यांच्या गटाला शुक्राणूवर एक प्रथिन सापडलं. लग्नं जुळवणाऱ्या दैवतासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानी देवस्थानावरून त्यांनी त्याला इझुमो म्हटलं. हे प्रथिन सुरुवातीला झाकलेलं असतं. शुक्राणूच्या डोक्यावरची ॲक्रोसोम ही पिशवी फुटली की मगच ते बाहेरच्या बाजूला येतं. इझुमो नसलेले नर उंदीर वंध्य निघाले. त्यांचे शुक्राणू आवरण पार करायचे, पण बीजांडाशी एकजीव व्हायचे नाहीत. तेच शुक्राणू सुईने थेट बीजांडात टोचले तेव्हा मात्र पिल्लं जन्मली. माणसांसाठी वापरली जाणारी इक्सी पद्धत हेच करते, दोन्ही नाके टाळून.

इझुमोचा बीजांडावरचा जोडीदार सापडायला २०१४ उजाडलं. उशिराचं कारण साधं होतं: दोघांची पकड इतकी सैल, की नेहमीच्या चाचण्यांत ती हाती लागत नव्हती. इंग्लंडमधल्या सँगर संस्थेत एनरिका बियांकी आणि गॅव्हिन राइट यांनी इझुमोच्या अनेक प्रती एकत्र गुंफल्या आणि ती सैल पकड घट्ट करून घेतली. मिळालेलं प्रथिन आधीपासून फोलेट या जीवनसत्त्वाचा ग्राही, म्हणजे त्याला धरून ठेवणारं प्रथिन, म्हणून नोंदलेलं होतं. फोलेटला ते हातही लावत नाही, हा भाग वेगळा! त्याचं नाव झालं जूनो, विवाहाची रोमन देवता. हॅमस्टरचं जूनो माणसाच्या इझुमोलाही धरतं, हे याच दोघांनी पुढच्या वर्षी दाखवलं आणि यानागिमाचींच्या प्रयोगामागचं रेणूंच्या पातळीवरचं कारण सापडलं.

एक शुक्राणू आत गेला की दोन्ही नाके बंद व्हायला हवेत. दुसराही शिरला, तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो आणि गर्भ टिकत नाही. उंदरात सुमारे ४० मिनिटांत जूनो पटलावरून जवळपास नाहीसं होतं. आवरणावर ओव्हॅस्टासिन नावाचं विकर झेडपी-२ कापतं. ही कापणी होऊ दिली नाही, तर दोन पेशींच्या गर्भालाही शुक्राणू येऊन चिकटत राहतात.

मात्र इझुमो आणि जूनो हे दोघेच पुरेसे नाहीत. प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींवर ही प्रथिनं बसवली, तर त्या पेशी एकमेकींना चिकटतात, एक होत नाहीत. ऑक्टोबर २०२४मध्ये व्हिएन्नातल्या आंद्रेया पाउली आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय साधनाच्या मदतीने शुक्राणूवरचं एक त्रिकूट समोर आणलं: इझुमो, स्पाका-६ आणि टीएमईएम-८१. हेच त्रिकूट झेब्रामाशातही आहे. तिथे ते बीजांडावरच्या बाउन्सर नावाच्या प्रथिनाला धरतं, आणि या बाउन्सरचं जूनोशी काहीही नातं नाही.