चार गिरक्या आणि पंधरा वर्षांचं शरीर

17 फेब्रुवारी 2022 रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फिगर स्केटिंगमध्ये रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोवाने एकाच कार्यक्रमात पाच क्वाड, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या. तोवर कुठल्याही स्त्रीने ऑलिंपिकमध्ये हे केलं नव्हतं. तरी तिला रौप्य मिळालं. सुवर्ण गेलं आन्ना श्चेर्बाकोवाकडे. दोघीही सतरा वर्षांच्या. उत्तेजक चाचणीच्या वादात सापडलेली कमिला वालियेवा पंधरा वर्षांची. ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. तिघींची प्रशिक्षिका एकच, मॉस्कोच्या एतेरी तुतबेरिद्झे. 2018 मध्ये पंधराव्या वर्षी सुवर्ण जिंकणारी अलिना झागितोवा आणि 2014 मध्ये पंधराव्याच वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणारी युलिया लिप्नित्स्काया याही त्यांच्याच विद्यार्थिनी.

कोवळ्या वयात जिंकणं या खेळाला नवं नाही. नॉर्वेची सोन्या हेनी 1928 मध्ये पंधरा वर्षांचीच होती. पण ती 1932 आणि 1936 मध्येही जिंकली. याउलट 2014 आणि 2018 या दोन ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलेली एकही रशियन एकल महिला स्केटर पुढच्या ऑलिंपिकमध्ये उतरली नाही. मला अस्वस्थ करतो तो हा भाग. मुली लवकर शिखरावर पोचतात, आणि मतदानाचं वय होईतो त्यांचं शिखर मागे पडलेलं असतं.

याचं मूळ भौतिकशास्त्रात आहे. चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंच उडी मारली तर हवेत जेमतेम 0.6 सेकंद मिळतो. तेवढ्यात साडेतीन-चार फेऱ्या घ्यायच्या तर मिनिटाला तीनशेहून जास्त फेऱ्यांचा वेग लागतो. बर्फ सोडताना जो कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, मिळाला तेवढाच. हवेत तो वाढवता येत नाही. वाढवता येतो तो वेग, शरीर आवळून. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलं की गती कशी वाढते, ते आठवा. वस्तुमान अक्षाच्या जितकं जवळ, तितका फिरण्याला होणारा विरोध कमी. या विरोधाला जडत्व आघूर्ण म्हणतात.

आता वाढत्या वयाचा हिशोब मांडू. 150 सेंटिमीटर उंचीची मुलगी 165 सेंटिमीटरची झाली, म्हणजे दहा टक्के वाढली. अंगाची सगळी मापं त्याच प्रमाणात वाढली असं धरलं तर वजन 33 टक्के वाढेल. जडत्व आघूर्ण मात्र वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग असल्यामुळे तब्बल 61 टक्के वाढेल. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर, म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे ती वाढेल अवघी 21 टक्के. खरं शरीर इतकं प्रमाणबद्ध वाढत नाही. मुलींमध्ये नितंब रुंदावतात, चरबीचं प्रमाण वाढतं. वस्तुमान अक्षापासून लांब जातं आणि गणित आणखी अवघड होतं. मुलग्यांना त्याच वयात टेस्टोस्टेरॉनमुळे भरघोस स्नायू मिळतात, त्यातून हा तोटा भरून निघतो. म्हणून अमेरिकेचा नेथन चेन बाविसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेता होतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

पण भौतिकशास्त्र तर हेनीच्या काळीही हेच होतं. बदलले ते नियम. 1990 पर्यंत स्पर्धेत बर्फावर ठरावीक आकृत्या कोरून दाखवाव्या लागत. त्या आकृत्यांवर हात बसायला, खरं तर पाय बसायला, वर्षानुवर्षं जात. त्या गेल्या आणि उड्यांचं महत्त्व वाढलं. 2004 पासून आलेल्या गुणपद्धतीने प्रत्येक उडीला आकडाच चिकटवला. 2022 च्या तक्त्यात तीन गिरक्यांच्या लुट्झ उडीला 5.9 मूळ गुण होते, चार गिरक्यांच्या लुट्झला 11.5. एका जादा गिरकीला जवळजवळ दुप्पट मोबदला मिळत असेल, तर प्रशिक्षक लहान, सडपातळ शरीरच शोधणार. वयात येणं हीच मग दुखापत ठरते.

वयात येणं पुढे ढकलण्यासाठी पोट मारलं जातं, आणि इथे शरीरशास्त्र निर्दय होतं. खाणं अपुरं पडलं की शरीर आधी प्रजननसंस्थेचा खर्च कापतं. पाळी लांबते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटतं. पण हाडांचा साठा भरण्याची वर्षं हीच, आणि त्या कामाला इस्ट्रोजेन लागतं. म्हणजे हलकं राहण्यासाठी केलेली उपासमार नेमकी त्या हाडांना पोकळ करते, ज्यांच्यावर उतरायचं आहे. एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो. स्केटचा बूट कडक असल्याने घोटा फारसा वाकत नाही. धक्का गुडघा, कंबर आणि मणक्यापर्यंत जातो. ऊर्जेच्या या तुटीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये वेगळं वैद्यकीय नाव दिलं. लिप्नित्स्काया 2017 मध्ये एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली, अ‍ॅनोरेक्सिया या खाणं टाळण्याच्या आजारावरच्या उपचारांनंतर.

जून 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने 100 विरुद्ध 16 मतांनी वरिष्ठ गटासाठीचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा केलं. उशीर झाला, पण योग्य झालं. त्याच सुमारास जपानच्या काओरी साकामोतोने क्वाड किंवा साडेतीन गिरक्यांची ट्रिपल अ‍ॅक्सल न मारता, वेग आणि बर्फावरून घसरत जाण्याच्या सौंदर्यावर 2022, 2023, 2024 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं पटकावली. अर्थात, युक्रेनवरील हल्ल्यामुळे रशियन स्केटर तेव्हा बाहेर होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं. अमेरिकेची अलिसा लिऊ सोळाव्या वर्षी निवृत्त झाली, परतली आणि 2025 मध्ये एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. अमेरिकेच्याच अँबर ग्लेनने पंचविसाव्या वर्षी ट्रिपल अ‍ॅक्सल मारली. मोठ्या शरीरालाही अवघड उडी साधते. तंत्र आणि ताकद घडवायला वेळ मात्र द्यावा लागतो.

वयाची अट फक्त वरिष्ठ गटाचं दार बंद करते. ज्युनियर गटात तेराव्या वर्षी उतरता येतं आणि क्वाडचा मोह तिथेही तेवढाच आहे. जपानची माओ शिमादा तिथे चार गिरक्यांची टो-लूप उडी मारत आली. 2023 ते 2025 सलग तीन वेळा ती ज्युनियर जगज्जेती झाली. 2026 च्या ऑलिंपिकसाठी 1 जुलै 2025 पूर्वी सतरा पूर्ण हवी होती, तेव्हा ती सोळाची होती. 2026-27 च्या हंगामापासून ती वरिष्ठ गटासाठी पात्र ठरते. तिची क्वाड विशीतही टिकते का, हे मला तिच्या पदकांपेक्षा जास्त जाणून घ्यायचं आहे.