अपडेट बंद ठेवायची सवय लागली कशी?

जळगाव-धुळ्याकडे घरी नवा असेम्बल्ड पीसी आला की जोडून देणारा पोरगा जाता जाता एक काम हमखास करायचा. ‘रन’मधून सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये पडद्याआड चालणाऱ्या कामांची, यादी उघडायची, तळाशी जाऊन ‘विंडोज अपडेट’वर दोनदा क्लिक करायचं आणि ‘डिसेबल्ड’ निवडायचं. त्याला कारणं होती. डायल-अपचं बिल मिनिटांवर चढायचं, पुढे डोंगल आलं तरी महिन्याचा डेटा मोजकाच. त्यात भारनियमन. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, पण आजूबाजूच्या खेड्यांत लाईट तासन् तास नसायची. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली की विंडोज उडायची भीती. शिवाय बऱ्याच मशीनवर विंडोजची प्रत अस्सल नसे. 2005 पासून मायक्रोसॉफ्टने त्याची तपासणी सक्तीची करायला घेतल्यावर अपडेटची धास्ती आणखी वाढली.

सुरुवातीला अपडेट आपण होऊन आणायचं असे. विंडोज 98 बरोबर त्यासाठीची वेबसाइट आली, 2000 साली ‘विंडोज मी’ (Me) या आवृत्तीत ते आपोआप घेण्याची सोय झाली. चित्र पालटलं ऑगस्ट 2003 मध्ये. ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम, ज्या फटीतून शिरला तिची दुरुस्ती जुलैतच निघाली होती, पण असंख्य मशीनवर ती पोचलीच नव्हती. नेट जोडलं की विंडोज एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. त्याच ऑक्टोबरपासून दुरुस्त्यांसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरला. अमेरिकेत त्या निघतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा होतात. बुधवारी सकाळी पीसी अडखळत चालतो त्यामागे बहुतेकदा हेच असतं. 2004 मध्ये एक्सपीसाठी आलेल्या सर्व्हिस पॅक 2 या मोठ्या अपडेटने तर ऑटोमॅटिक अपडेट चालू करा असा आग्रहच धरला.

2015 मध्ये विंडोज 10 च्या होम आवृत्तीतून नकाराचा पर्यायच गेला. ही मला दांडगाई वाटते. पोरीचा कॉलेजचा फॉर्म अर्धा भरलेला असताना मशीन रीस्टार्ट होणं कुणाच्या हिताचं? 2016 मध्ये कामाच्या वेळा ठरवून द्यायची सोय आली, एवढीच सवलत. पण मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरची मशीन कुलूपबंद केली, तेव्हाही दुरुस्ती मार्चमध्येच येऊन गेलेली होती. उलट ऑक्टोबर 2018 च्या अपडेटने काहींच्या फायलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. मे 2019 पासून होमवाल्यांनाही सात-सात दिवस करत पस्तीस दिवसांपर्यंत अपडेट लांबवता येऊ लागलं.

आपल्याकडच्या अडचणींना एवढं पुरतं. फोनच्या हॉटस्पॉटला सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचं कनेक्शन) केलं की मोठी अपडेट बहुतेक आपोआप उतरत नाहीत. लाईटचा भरवसा नसेल तर पॉज करावं आणि यूपीएस चार्ज असताना उरकावं. सर्व्हिसच बंद करणं मात्र सोडायला हवं.

विंडोज 10 ची नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. ज्या जुन्या मशीनवर विंडोज 11 बसत नाही, त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ठेवली गेली; तीही घरगुती वापरासाठी एका वर्षापुरतीच.