ओळखीचे वाटणे आणि आठवणे

गणपतीला गावी आलेला चाकरमानी एसटी स्टँडवर समोर येतो, हसतो आणि आपणही हसतो. चेहरा पक्का ओळखीचा असतो, कोणत्या वाडीतला हेही अंधुक कळत असते, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. त्याच वेळी शेजारच्या कोणी चार नावे घेऊन ‘यांपैकी कोण?’ असे विचारले, तर आपण बरोबर नाव क्षणात निवडू. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे एसटी स्टँडवर कोणालाही पटते. कार्यालयांतल्या ऑनलाइन प्रशिक्षणात मात्र पहिलीची परीक्षा घेऊन दुसरीचे प्रमाणपत्र दिले जाते, आणि त्यात काही चुकते आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याही आले नव्हते. कोकण किनाऱ्यावरच्या एका सहकारी बँकेत मी प्रशिक्षणाचे काम पाहत असे. बनावट नोटांविषयीचा अर्ध्या तासाचा अभ्यासक्रम सर्व शाखांनी पूर्ण केला होता आणि बंदराजवळच्या एका शाखेतल्या रोखपाल बाईंना त्यात दहापैकी दहा गुण मिळाले होते. पुढे एकदा त्या शाखेत गेलो असताना मासळी विकणाऱ्या एक बाई भरणा करायला आल्या. पाचशेच्या नोटा मोजता मोजता रोखपालांचा हात एका नोटेवर थांबला. त्यांनी ती उजेडात धरली, तिरपी केली आणि खिडकीतून परत सरकवली. ‘मावशी, ही चालायची नाही, दुसरी द्या.’

नोट त्यांनी अचूक हेरली, पण त्यापुढे जे केले ते नियमाच्या नेमके उलट होते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार खिडकीवर आलेली बनावट नोट ग्राहकाला परत देता येत नाही. ती बनावट असल्याचा शिक्का मारून जप्त करायची, ग्राहकाला पोचपावती द्यायची, आणि ग्राहकाने पावतीवर सही करायचे नाकारले तरीही पावती द्यायचीच. एका व्यवहारात अशा चार नोटांपर्यंत आढळल्या, तर महिन्याअखेरच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवायचे. पाच किंवा अधिक आढळल्या, तर लगेच गुन्हा नोंदवायचा. नोट परत देणे ही साधी चूक धरली जात नाही. बनावट चलन फिरवण्यात बँकेचा जाणूनबुजून सहभाग, असा तिचा अर्थ लावला जाऊ शकतो.

संध्याकाळी मी अभ्यासक्रमातला तो प्रश्न पुन्हा उघडून पाहिला. बनावट नोट आढळल्यास काय करावे, याला चार पर्याय होते: फाडून टाकावी, दुसऱ्या ग्राहकाला द्यावी, परत करावी, किंवा जप्त करून पोचपावती द्यावी. प्रश्न मीच तयार केला होता, आणि तो चुकवायला खरे तर कौशल्य लागले असते. पडद्यावर बरोबर उत्तर समोर उभे होते. ते फक्त ओळखायचे होते. खिडकीवर पर्याय नव्हते. तिथे रोजच्या ओळखीची बाई होती, तिच्यामागे रांग होती, आणि ‘मावशी, ही नोट मी ठेवून घेणार, पैसे मिळणार नाहीत’ असे तिच्या तोंडावर सांगण्याचा संकोच होता. अशा क्षणी मनातून जे आपोआप वर येते तेच हातून घडते, आणि तेवढ्या तयारीचे आम्ही काहीच करून घेतले नव्हते.

ही गफलत टिकून राहते, कारण ओळखीचे वाटणे ही फार सुखद भावना आहे. तीच चित्रफीत दुसऱ्यांदा पाहिली की सगळे सोपे वाटते, आणि ‘हे मला येते’ अशी खात्री होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग इथे बोलके आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते, सुमारे 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना 61. आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाज मात्र वाचणाऱ्यांनीच अधिक वरचा दिला होता. ते विद्यार्थी होते, बँकेचे कर्मचारी नव्हते, हे मान्य. पण अभ्यासक्रम संपताच लगोलग घेतलेली चाचणी का फसवते, हे यातून चांगले कळते. आमची चाचणी शेवटच्या चित्रानंतर अर्ध्या मिनिटात सुरू होत असे.

त्यात किनाऱ्यावरच्या कामाचे वेळापत्रक भर घालते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आंब्याचा हंगामही ओसरलेला असतो, खिडकीवर गर्दी नसते. म्हणून वर्षाचे सगळे अभ्यासक्रम जूनमध्ये उरकायचे, ही पद्धत सोयीची वाटते. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि रोखीचा ओघ सुरू झाला की त्या शिक्षणाची गरज पडते, म्हणजे दोन महिन्यांनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखवले होते की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. निरर्थक अक्षरे आणि बँकेचे नियम यांत फरक आहे, तरी एकदाच शिकून दोन महिने हात न लावलेल्या गोष्टीवर मी खिडकी सोपवणार नाही.

एवढे वाचून ओळखणे हे दुय्यम प्रतीचे ज्ञान आहे असे कोणी समजू नये. नोट बनावट आहे हे कळणे, हे ओळखण्याचेच काम आहे, आणि रोखपाल बाईंना ते उत्तम येत होते. पाचशेच्या नव्या नोटेतला धागा तिरपी केली की हिरव्याचा निळा होतो. कडेला अंधांसाठी पाच उठावदार रेघा असतात. गांधीजींच्या चित्राची छपाई बोटाला लागते. यांतले रंगाचे एक वेळ पडद्यावर दाखवता येईल. बोटाला लागणारे कसे दाखवणार? बाई ते अभ्यासक्रमातून शिकल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षे खऱ्या नोटा मोजून त्यांच्या बोटांना ते आले होते. म्हणजे आमच्या अभ्यासक्रमाने दोन्हीकडे उलटे केले होते. जे हाताने ओळखायला शिकायचे ते चित्रांत दाखवले, आणि जे मनातून आठवायला हवे ते पर्यायांत मांडले.

ऑनलाइन माध्यम यासाठी टाकून द्यावे लागत नाही. त्यातला प्रश्न बदलावा लागतो. पुढच्या फेरीत आम्ही पर्याय काढले आणि एक प्रसंग दिला: ओळखीच्या ग्राहकाच्या भरण्यात दोन बनावट नोटा आहेत, तो चिडला आहे आणि पावतीवर सही करायला तयार नाही, आता तुम्ही क्रमाने काय कराल आणि त्याला कोणत्या शब्दांत सांगाल, ते लिहा. उत्तर लिहून झाल्याशिवाय नियम उघडत नसे. लोक कुरकुरले, गुण घसरले, आणि वरिष्ठांनी ‘आधीचे बरे होते’ असेही सुचवले; ते समजण्यासारखे आहे, कारण आधीचे आकडे खरोखरच देखणे होते. एकच मोठा अभ्यासक्रम मोडून आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी शाखा उघडण्यापूर्वी एकेक प्रसंग पाठवू लागलो, आणि जुने प्रसंग थोडे फिरवून मुद्दाम परत आणू लागलो. पावसात नेटवर्क गेले की शाखाधिकारी तोच प्रसंग तोंडी सांगत आणि उत्तरे कोऱ्या कागदावर लिहिली जात. माझ्या मते ते पडद्यापेक्षा काही कमी नव्हते.

अहवाल कोणत्या नमुन्यात जातो, कोणती तारीख, कोणता रकाना, हे मात्र कोणाकडूनही पाठ करून घेतले नाही. ते एका चिठ्ठीवर छापून रोखपालाच्या खणात चिकटवले.

त्या शाखेतल्या बाईंनी पहिल्या प्रसंगाला तीन ओळी लिहिल्या: नोट परत देणार नाही, शिक्का मारणार, साहेबांना सांगणार. पावती राहून गेली होती. महिन्याभराने तोच प्रसंग वेगळ्या ग्राहकाच्या नावाने परत गेला, तेव्हा त्यांच्या उत्तराची पहिलीच ओळ होती: ‘आधी पावतीपुस्तक बाहेर काढून ठेवीन, म्हणजे मावशीला नुसते नाही म्हटल्यासारखे वाटणार नाही.’