दूरचित्रवाणीवरील समलैंगिक स्त्रीचित्रण

मालिका, दूरचित्रवाणी नाट्ये व वेब सिरीज यांतील समलैंगिक आणि उभयलैंगिक स्त्रीपात्रांचे चित्रण. या विषयाचा अभ्यास मुख्यतः ब्रिटिश व अमेरिकी दूरचित्रवाणीच्या अंगाने झाला असल्याने प्रस्तुत नोंदीचा भरही त्यांवरच आहे.

या इतिहासाची सुरुवात कोठून धरावी याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक दोन स्त्रियांच्या पहिल्या चुंबनापासून मोजणी करतात. ब्रिटनपुरता हा मान बीबीसीच्या ‘सेकंड सिटी फर्स्ट्स’ या मालेतील ‘गर्ल’ (२५ फेब्रुवारी १९७४) या छोटेखानी नाट्याला दिला जातो. त्यात ॲलिसन स्टेडमन आणि मायरा फ्रान्सिस यांनी सैन्यातील दोन स्त्रिया रंगविल्या असून त्यांतली एक गरोदर राहिल्यामुळे सैन्य सोडून निघाली आहे. समलैंगिकांना ब्रिटिश सैन्यात असलेली बंदी जानेवारी २००० मध्ये उठली, हे ध्यानात घेता कथानकासाठी निवडलेली ही जागा धाडसाचीच म्हणावी लागेल. ऑस्ट्रेलियातील ‘द बॉक्स’ ही मालिकाही १९७४ च्या फेब्रुवारीतच, बहुधा काही दिवस आधी, सुरू झाली. तीत ज्यूडी नन यांनी साकारलेली उभयलैंगिक पत्रकार होती. त्यामुळे जागतिक अग्रमानाचा निवाडा न केलेलाच बरा.

अमेरिकेच्या बाबतीत ‘एल. ए. लॉ’ या वकिलांवरील मालिकेचा ७ फेब्रुवारी १९९१ रोजीचा भाग सामान्यतः पहिला मानतात. त्यात सी. जे. लॅम्ब (अमांडा डोनोहो) आणि ॲबी पर्किन्स (मिशेल ग्रीन) या सहकारी वकील जेवण आटोपून वाहनतळावर निरोप घेताना एकमेकींचे चुंबन घेतात. काही अभ्यासक १९९० मधील ‘२१ जंप स्ट्रीट’च्या एका भागाकडे बोट दाखवितात, मात्र तेथे कॅमेरा अशा कोनात ठेवला आहे की ओठांना ओठ लागल्याचे दिसत नाही. ‘पिकेट फेन्सेस’मध्ये (एप्रिल १९९३) दोन शाळकरी मुलींचे चुंबन सीबीएस वाहिनीच्या आग्रहाखातर अंधारात ठेवावे लागले. दाखविले असे म्हणायचे आणि दिसू मात्र द्यायचे नाही, ही तडजोड त्या काळाची खूण आहे. दृश्य प्रत्यक्ष दिसणे हाच निकष धरला, तर १९९१ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते.

तथापि चुंबनालाच मैलाचा दगड समजण्याची ही पद्धत अपुरी आहे, आणि याचे कारण प्रेक्षकमोजणीच्या तंत्रात सापडते. अमेरिकेतील स्थानिक केंद्रांचे जाहिरातदर नील्सन कंपनीच्या मोजणीवर ठरत. फेब्रुवारी, मे, जुलै व नोव्हेंबर या महिन्यांत घरोघरी डायऱ्या पाठवून कोणी काय पाहिले याची नोंद घेतली जाई; या मोजणीला ‘स्वीप्स’ म्हणत. साहजिकच सनसनाटी प्रसंग या महिन्यांसाठी राखून ठेवले जात आणि स्त्रियांचे चुंबन हा त्यांतला स्वस्तातला प्रकार होता. ‘एल. ए. लॉ’चा तो भागही फेब्रुवारीतलाच. त्यातील ॲबी त्याच वर्षी मालिकेतून गेली आणि त्या नात्याचे पुढे काहीच झाले नाही. एखादी स्त्री कथेत किती काळ नांदते, तिला घर, काम, भांडणे, म्हातारपण मिळते का, हा निकष अधिक न्याय्य होय.

त्या निकषावर ‘एलन’ या विनोदी मालिकेचा ३० एप्रिल १९९७ चा भाग महत्त्वाचा ठरतो. नायिका विमानतळावर आपण समलैंगिक असल्याचे सांगायला धडपडते, आणि पुढे वाकून अखेर ते बोलते तेव्हा समोरचा ध्वनिक्षेपक चालू असल्याने ते साऱ्या दालनात ऐकू जाते. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी हा भाग पाहिला. काही जाहिरातदारांनी पाठ फिरविली, अलाबामातील एका केंद्राने प्रक्षेपण नाकारले, पुढील भागांपूर्वी एबीसी वाहिनी सूचनापाटी दाखवू लागली आणि १९९८ मध्ये मालिका बंद झाली.

ब्रिटनमध्ये ‘ब्रुकसाइड’ने जानेवारी १९९४ मध्ये रात्री नऊच्या आत, म्हणजे मुलेबाळे जागी असण्याच्या वेळी, बेथ (ॲना फ्रील) व मार्गारेट यांचे चुंबन दाखविले. पुढच्याच वर्षी बेथ तुरुंगात हृदयविकाराने दगावली. अशा पात्रांना मरण देण्याचा प्रघात वारंवार आढळतो. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’मधील तारा ७ मे २००२ च्या भागात वाट चुकलेल्या गोळीने मरते. ती साकारणाऱ्या अंबर बेन्सन यांचे नाव शीर्षकदृश्यात पहिल्यांदा झळकले ते याच भागात! ‘द हंड्रेड’मधील लेक्साही ३ मार्च २०१६ रोजी दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीने, तेही प्रेयसीशी झालेल्या मीलनानंतर लगेच, मारली गेली. या वेळी प्रेक्षक गप्प बसले नाहीत. त्यांनी समलैंगिक तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी निधी जमविला आणि निर्माते जेसन रोथेनबर्ग यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. हा राग रास्त होता. ज्या मुलींना पडद्यावर स्वतःसारखी एकच बाई दिसते, त्यांच्यापुरते ते मरण नुसते कथानकातील वळण नसते.

समलैंगिक मैत्रिणींचा अख्खा गोतावळाच केंद्रस्थानी असलेली ‘द एल वर्ड’ (२००४–०९) शोटाइम या सशुल्क वाहिनीवर आली. थायलंडमध्ये ‘गॅप’ने (२०२२–२३) दोन स्त्रियांची प्रेमकथा मुख्य कथानक म्हणून मांडली.

मराठीत हा विषय दूरचित्रवाणीच्या बराच आधी विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात व जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात आला. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्यानंतरच्या निर्मितींपैकी मंजू कपूर यांच्या कादंबरीवर आधारित ‘द मॅरिड वुमन’ (२०२१) ही हिंदी मालिका उल्लेखनीय असून तीत रिद्धी डोगरा व मोनिका डोगरा यांच्या प्रमुख भूमिका आहेत. ती ऑल्ट बालाजी व झी५ या ओटीटी मंचांवर आली. घरातली सगळी माणसे रात्री एकत्र बसून पाहतात त्या वाहिन्यांवर नाही.