पीसी ‘डेड’ आहे की नुसता ‘डिस्प्ले येत नाही’? दोन्ही एक नाहीत हो

मावशीचा फोन. "अगं, कॉम्प्युटर मेला बघ, चालूच होत नाहीये." मी विचारलं पंखा फिरतोय का, तर म्हणे "पंखा फिरतोय की, समोरची निळी लाईटपण लागलीये, पण चालू होत नाही." आता पंखा फिरतोय, लाईट लागलीये, म्हणजे तो मेलेला नाही, जिवंत आहे, फक्त बोलत नाहीये. पण मावशीचं काय चुकलं, स्क्रीन काळी म्हणजे तिच्यासाठी कॉम्प्युटर बंदच. बहुतेक लोक असंच बोलतात आणि तिथेच गडबड होते, कारण "चालू होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात.

रिपेअरवाले याला दोन नावांनी ओळखतात. एक "डेड" किंवा "नो पॉवर", म्हणजे बटण दाबलं आणि काहीच नाही, पंखा नाही, लाईट नाही, आवाज नाही. दुसरं "नो डिस्प्ले", म्हणजे डब्यात सगळं घरघरतंय पण स्क्रीनवर काही येत नाही. ऐकायला सारखंच वाटतं पण संशयित पूर्ण वेगळे. मी स्वतः हे शिकले ते हात पोळून. स्क्रीन काळी म्हणून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला असं ठरवलं, नवीन आणला, अख्ख्या वायरी काढून बसवल्या, दीड तास गेला, बटण दाबलं तर परत पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, स्लॉटमधून एका बाजूने सुटली होती, बास. पंखे आधीपण फिरत होतेच ना, मग एसएमपीएसवर संशय घेतलाच का, हा प्रश्न तेव्हा डोक्यातच आला नाही.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते एकदा समजलं की फरक आपोआप लक्षात येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पीसीचं पॉवर बटण हे घरातल्या दिव्याच्या बटणासारखं नाही, ते मेन लाईन चालू-बंद करत नाही. प्लग लावला आणि मागचा स्विच ऑन केला की एसएमपीएस लगेच मदरबोर्डला (आतला मुख्य बोर्ड, ज्यावर सगळं जोडलेलं असतं) ५ व्होल्टचा एक छोटा सप्लाय देत राहतो, याला स्टँडबाय म्हणतात, २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये बहुतेक वेळा जांभळी वायर दिसते ती हीच. पीसी बंद असतानाही ही चालू असते. तुम्ही बटण दाबलं की बोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बोर्डला कळतं, तो हिरव्या वायरीतून एसएमपीएसला सांगतो की उठ आता. मग ३.३, ५ आणि १२ व्होल्ट येतात आणि पंखे फिरायला लागतात. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदात एसएमपीएस करड्या वायरीवरून "ओके" कळवतो, त्यानंतरच प्रोसेसर जागा होतो, बायोस, म्हणजे बोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम आणि ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग) तपासतो, आणि सगळं जमलं तर स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात.

आता बघा, पंखा १२ व्होल्ट मिळाले की फिरतो. प्रोसेसर चालतोय का, रॅम लागलीये का, हे त्याला माहीतच नसतं. त्यामुळे "पंखा फिरतोय म्हणजे कॉम्प्युटर ठीक आहे" हेही चुकीचं आणि "स्क्रीन काळी म्हणजे पॉवर गेली" हेही चुकीचं. पंखा फिरायच्या आधी साखळी तुटली असेल तर नो पॉवर, नंतर तुटली असेल तर बहुतेक वेळा नो डिस्प्ले.

नो पॉवर असेल तर मी विजेच्या रस्त्याने चालत जाते, भिंतीपासून बटणापर्यंत, मध्ये उडी मारायची नाही. त्या सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा. एक्स्टेंशन बोर्डचं छोटं बटण झाडलोट करताना बंद होतं, हे सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात लाजिरवाणं. मग पीसीच्या मागचा एसएमपीएसचा स्विच, जो लोक वर्षानुवर्षं बघतच नाहीत. केबल एसएमपीएसमध्ये पूर्ण आत दाबा, ती अर्धी बसलेली असते आणि दिसायला नीट दिसते. एवढं करून नाही झालं तर प्लग काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि परत लावा, उरलेला चार्ज निघून जातो आणि कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

तरी डेड, तर बाजूचं पॅनल उघडून बोर्डवर कुठे छोटी लाईट दिसते का बघा. बऱ्याच बोर्डवर स्टँडबायची लाईट असते. ती लागली असेल तर जांभळ्या वायरीतून वीज पोहोचतेय, मग संशय बटणावर, बटणाच्या वायरीवर, बोर्डवर किंवा एसएमपीएसच्या मेन भागावर. बटण तपासायचा उपाय एकदम देशी आहे, फ्रंट पॅनलच्या ज्या दोन पिनांना पॉवर स्विचची वायर लागते ती वायर काढायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना एक क्षण टेकवायचं, बास एक क्षण. पीसी उठला तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही शाबूत, फक्त कॅबिनेटचं बटण गेलंय. कोणत्या दोन पिना ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा, अंदाजाने शेजारच्या पिनांना टेकवू नका.

लाईटच नसेल तर एसएमपीएस वेगळा करून तपासतात, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, प्लग काढलेला असतानाच जोडायची हां, आणि मग प्लग लावून पंखा फिरतो का बघायचं. पण हा टेस्ट अर्धवट आहे, लोक यावर नको तेवढा विश्वास ठेवतात. पंखा फिरला तर एवढंच कळतं की तो सुरू होतोय, लोड आल्यावर व्होल्टेज टिकतं की नाही ते कळत नाही, १२ व्होल्टच्या लाईनवर मीटरने ११.४ ते १२.६ च्या मध्ये आकडा यायला हवा. आणि उलट, काही नवीन एसएमपीएसमध्ये लोड कमी असला की पंखा मुद्दाम बंदच राहतो, मग चांगला एसएमपीएस लोक फेकून देतात. आणि एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) धोकादायक चार्ज धरून बसलेला असतो.

नो डिस्प्लेची गंमत वेगळी. इथे वीज पोहोचलेली आहे, आता कोण अडवतंय ते शोधायचं, आणि पहिला संशय कॉम्प्युटरवर नाही, मॉनिटरवर घ्यायचा. मॉनिटरची स्वतःची लाईट लागलीये का? स्क्रीनवर "नो सिग्नल" लिहून येतंय का? येत असेल तर मॉनिटर ठणठणीत आहे, त्याला समोरून काही मिळत नाहीये. मग मॉनिटरच्या बटणांनी इनपुट बघा, केबल एचडीएमआयला लावलीये आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर वाट बघत बसलाय असं सर्रास होतं.

दुसरं, केबल मागे कुठे लावलीये. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला लावायची, वर बोर्डच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ असतं त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डच्या पोर्टमधून जन्मात चित्र येणार नाही. आणि ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असला तरी कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आपलं पोर्ट गप्प करतात.

मग रॅम. माझ्या अनुभवात नो डिस्प्लेच्या निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपल्यात. पीसी बंद, प्लग काढलेला, कॅबिनेटच्या रिकाम्या धातूला हात लावून अंगातला स्टॅटिक उतरवायचा, मग रॅम काढायची, सोनेरी पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसायची, चुरा झटकायचा आणि परत बसवायची, दोन्ही टोकं खट् खट् वाजेपर्यंत. काही बोर्डवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसऱ्या बाजूला आवाज येत नाही पण ती बाजू अर्धी वर राहिलेली असू शकते, डोळ्यांनी बघा. दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. चार स्लॉट असलेल्या बोर्डवर एकटी रॅम बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात.

बोर्ड स्वतःही बोलत असतो, आपण ऐकत नाही. नवीन बऱ्याच बोर्डवर कोपऱ्यात चार बारीक लाईट असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं शेजारी छापलेली. पोस्ट चालू असताना एकेक लागून विझत जातात, जी अडकून राहते तिथे घोडं अडलंय. लाईट नसतील आणि छोटा स्पीकर असेल तर बीप ऐका, एक छोटी बीप म्हणजे साधारणपणे सगळं ठीक, बाकीचे कोड बायोसप्रमाणे बदलतात, अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. नवीन कॅबिनेटमध्ये स्पीकर येतच नाही, त्यामुळे "बीप येत नाही" याचा अर्थ काहीच नाही.

आणि एक, डीडीआर५ रॅमवाला नवीन पीसी असेल तर पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोस रीसेट केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि मग परत पहिल्यापासून. चहा करून या, मग ठरवा.

बोर्डवरच्या सीआर२०३२ सेलबद्दल खूप गैरसमज आहे. ३ व्होल्टचा तो सेल संपला की बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंगं विसरली जातात, पीसी डेड होत नाही. पण सेटिंगंच बिघडली असतील, म्हणजे रॅमचा स्पीड वाढवून बघितला आणि मग डिस्प्ले गेला असं काही, तर प्लग काढून सेल काही मिनिटं बाहेर ठेवून परत लावणं नक्की करून बघा. हा उपाय नो डिस्प्लेचा आहे, नो पॉवरवर लोक उगाच करत बसतात.

आता जिथे मीही फसते ते. बटण दाबलं, पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. हे डेड आहे का? स्क्रीन काळी आहे म्हणून नो डिस्प्ले? माझ्या मते हे पॉवरच्या खात्यात टाका. एसएमपीएस उठला, कुठेतरी शॉर्ट दिसला आणि स्वतःला वाचवायला बंद झाला, असं असतं बऱ्याचदा. एकेक वस्तू काढत जायची, कार्ड, हार्डडिस्क, यूएसबीला लावलेलं सगळं, ज्याच्याशिवाय चालला तो चोर. याच्या अगदी उलट प्रोसेसरजवळची ८ पिनची वेगळी पॉवर वायर. ती लावायची राहिली की पंखे मस्त फिरतात, लाईटी लागतात आणि स्क्रीन काळी. लक्षण डिस्प्लेचं, कारण पॉवरचं. स्वतः पीसी जोडणाऱ्यांकडून हे हमखास होतं.

आणि एक टेस्ट जी मी फोनवर पहिल्यांदा सांगते, कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरची लाईट लागते-विझते का? होत असेल तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड सगळे काम करतायत, भानगड फक्त चित्राच्या वाटेवर आहे, केबल, कार्ड, मॉनिटर. नसेल होत तर अजून आत अडकलंय. वायरलेस कीबोर्डला कधीकधी ती लाईटच नसते, तेव्हा वायरवाला लावा. आणि कंपनीचा लोगो येऊन मग विंडोजच्या आधी अडकलं तर ते या दोन्हीत बसत नाही, तो बूटचा प्रॉब्लेम, तिथे रॅम पुसून काही होणार नाही, डिस्क बघा.

लॅपटॉपमध्ये हेच सगळं, फक्त आत जाता येत नाही. चार्जरची लाईट लागत नसेल तर पॉवर. लाईट लागतेय, पंख्याचा आवाज येतोय आणि स्क्रीन काळी, तर अंधारात मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा, फिकट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाईट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा उजेड, गेलीये, बाहेरचा मॉनिटर लावून तोवर काम चालतं.

मावशीकडे कॅप्स लॉकची लाईट लागत होती. मागे केबल कुठे लावलीये त्याचा फोटो पाठव म्हटलं. आदल्या दिवशी तिने टेबल पुसायला सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि मॉनिटरची केबल वरच्या पोर्टला लावली होती, कार्ड खाली. "दोन्हीकडे बसतेय तर दोन्हीकडे चालायला नको का?" म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.