सटवाई

(सटवी, षष्ठी). नवजात अर्भकाची राखणदार आणि कोपल्यास त्याला नेणारी, अशा दुहेरी स्वभावाची महाराष्ट्रातील लोकदेवता. बाळंतपणानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री तिची पूजा होते.

नाव 'षष्ठी'वरून आले, हे बहुतेकांना मान्य आहे. प्राकृत 'छट्ठी'तील छ-चा मराठीत स होणे नेहमीचेच (मच्छ–मासा, उच्छु–ऊस). ठ-चा ट का झाला, हा पेच उरतो. मात्र चंपाषष्ठीलाही 'सट' म्हणतात, तेव्हा तो फार ताणू नये. शेवटचा 'वी' पाचवी-सातवीच्या वळणावर जडला असावा.

देवता मुळात कोणती, याविषयी एकमत नाही. महाभारताच्या वनपर्वात स्कंदपत्नी देवसेनेलाच षष्ठी म्हटले आहे, आणि यौधेय या प्राचीन गणराज्याच्या, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या काही नाण्यांवर षण्मुखी देवी दिसते. ती षष्ठीच असावी. यावरून सटवाईला पौराणिक देवीचे लोकरूप ठरवता येते. उलट इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी हिंडून पाहिली आणि त्यांचा संबंध प्राचीन वाटांशी जोडला. गावोगावचे शेंदूर फासलेले तांदळे (देवी म्हणून पुजलेले अनघड दगड) पाहता स्थानिक देवीला संस्कृत नाव मागाहून मिळाले, हे अधिक संभवनीय वाटते.

पूजेत पाटा-वरवंटा, कोरा कागद व लेखणी मांडतात. रात्री देवी बाळाच्या कपाळी लेख लिहिते, अशी समजूत आहे. दिवा विझू न देता घरातल्या बायका जागतात. या जागरणामागची भीती निराधार नव्हती. नाळ अस्वच्छ विळ्याने कापल्यास होणारा नवजाताचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकटतो. पणज्यांच्या पिढीला तो देवीचा कोप वाटे, आणि दोष पथ्य मोडले म्हणून बाळंतिणीच्या माथी येई. 'सटवी' ही शिवीही बाईलाच मिळाली. गरोदरपणातील लस आणि दवाखान्यातील बाळंतपण यांमुळे पुढच्या पिढ्यांची ही भीती ओसरली. 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. पाचवी मात्र अनेक घरांत आजही पुजली जाते.